तिसऱ्या गिअरवर ठेवलेला हात

बाबा,

धाकट्याने लिहिले आहे ते खरे नाही, आणि ते दुरुस्त करणारा आता माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही. तुमच्या स्मृतिदिनी त्याने नागपूरहून घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांब मजकूर पाठवला. त्यात तो म्हणतो की ऐन दिवाळीत, कोरचीकडच्या घाटात, बांबूने भरलेल्या तुमच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले. तुम्ही प्रसंगावधान राखून गाडी मातीच्या दरडीला लावली. वर बसलेल्या मजुरांना खरचटलेसुद्धा नाही. मालकाने शाल देऊन तुमचा सत्कार केला. आणि पुढे मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही स्वखुशीने ट्रक सोडून वडशाच्या राइस मिलवर पहारेकऱ्याची नोकरी पत्करली. नातवंडांनी त्याखाली हात जोडल्याची चित्रे टाकली. मजकुरात ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका आहेत. त्या मी सोडून देतो; मोजल्या मात्र आहेत. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आईने जे सांगितले ते त्याने लिहिले, आणि आईने जे सांगितले ते तिला सोसवेल इतकेच होते.

घरात मी तुम्हाला ‘तू’ म्हणत असे. कागदावर ते मला जमत नाही, तेव्हा ‘तुम्ही’च असू द्या. त्याचा मजकूर वाचून मी तिथल्या तिथे दुरुस्ती लिहायला बसलो होतो. पहिलेच वाक्य असे झाले: ब्रेक आधी गेले नव्हते, तिसरा गिअर सुटला होता. ते लिहिले आणि हात थांबला, कारण पुढचे वाक्य ‘तो का सुटला’ हे असायला हवे होते. ते मी आजवर कुठेही लिहिलेले नाही. कदाचित तरीही लिहिले नसते. पण गेले तीन महिने मला दुसऱ्या एका गिअरबॉक्सची चिंता लागली आहे आणि त्या चिंतेने मला त्या घाटाकडे पुन्हा पुन्हा ओढत नेले आहे.

मी मोटार घेतली आहे. ऐकून तुम्हाला हसू येईल. तुमच्या या मुलाला तुम्ही ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. चालवायला मी फार उशिरा शिकलो, मुख्याध्यापक असताना, शाळेच्या जीपवर. आता त्र्याहत्तराव्या वर्षी, चंद्रपुरातल्या बदली होऊन जाणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याकडून ही सात वर्षे वापरलेली गाडी विकत घेतली. हौस म्हणून घेतलेली नाही. गेल्या श्रावणात भर दुपारी तुमच्या सुनेच्या छातीत कळ आली. आम्ही आरमोरीपासून आत, जंगलाच्या बाजूला राहतो. तो आठवडी बाजाराचा दिवस होता, गावातल्या सगळ्या गाड्या बाजाराला गेलेल्या. वाहन मिळेपर्यंत दीड तास गेला. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी तिला वाचवले, पुढे हृदयाजवळच्या नळीत जाळी बसली. पण निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की पुन्हा असे झाले तर अर्ध्या तासात आणा, दीड तासाने आणू नका. त्या अर्ध्या तासासाठी ही गाडी आहे. ती वर्षभर उभी राहिली तरी चालेल. त्या एका दिवशी मात्र ती वाटेत थांबता कामा नये. वैनगंगेच्या पुलावर ती आम्हाला घेऊन बंद पडली आहे असे चित्र मला दिवसातून कितीदा तरी दिसते.

आणि गाडी आवाज करते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये नाही, चौथ्यातही नाही. तिसऱ्यात. बारीक, कण्हल्यासारखा आवाज, आणि दांड्याच्या मुठीत एक थरथर. गाडी घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी तो मला प्रथम ऐकू आला. तेव्हापासून मी रोज सकाळी गाडी फाट्यापर्यंत नेऊन आणतो, केवळ तो ऐकण्यासाठी. एका वहीत दिनांक, अंतर, गिअर आणि आवाजाचे स्वरूप अशा चार रकान्यांत नोंद ठेवतो. तुमची सून म्हणते, “अजी, माझ्या गोळ्याची एवढी नोंद ठेवली असती तं डाक्टर खुश झाला असता.”

मागच्या रविवारी तिला पुन्हा अस्वस्थ वाटू लागले. मी तिला गाडीत बसवले आणि निघालो. आरमोरी मागे पडली, पूल आला, पूल गेला. मी तिच्याकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. माझा डावा हात तिसऱ्या गिअरच्या दांड्यावर होता, दाबून धरलेला, तो सुटू नये म्हणून. उजव्या हाताने स्टिअरिंग. सव्वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी तपासले, हृदयाची पट्टी काढली आणि सांगितले की काही नाही, पोटात वायू धरला आहे. परतताना तिने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, “पूर्ण रस्ताभर त्या दांड्याले कायले दाबून धरलं होतं? मी मरून राह्यली असती अन् तुमचा हात त्या दांड्यावर. माझा हात धरला असता तं का झालं असतं?”  हात कुठून आला ते मला त्याच क्षणी कळले होते. तो तुमचा हात होता.

शाळेच्या सुट्टीत तुमच्या ट्रकमध्ये तुमच्या डाव्या बाजूला बसून मी किती वेळा गेलो, ते सांगता येणार नाही. घाटाचा उतार सुरू होतो. तुम्ही बिडी विझवून कानामागे खोचता, चौथ्यातून तिसरा टाकता आणि डावा तळवा दांड्याच्या मुठीवर आडवा ठेवून तो तळापर्यंत दाबून धरता. “काऊन धरतेस रे बा?” मी विचारतो. “तिसरा उडते,” तुम्ही म्हणता. “माल भरून उताराले लागला का उडते. एकदा उडला का मंग गाडी आपली नाई, तिची.” संध्याकाळी ट्रक वडशाला मालकाच्या आवारात लागतो. तिथे मुनीमजींच्या टेबलावर तक्रारवही असते. प्रत्येक चालकाने आपल्या गाडीचा बिघाड तिच्यात लिहायचा. पहाटे मुनीमजी त्या दिवसाची ओळ वाचून दाखवणार आणि मिस्त्री तेवढेच काम करणार. आवाराचा रिवाज असा की आज लिहिलेले नसेल ते झालेले समजायचे. तुम्हाला अक्षर येत नव्हते, म्हणून मी कॉलेजात गेल्यापासून तुमची ओळ मी लिहीत असे. तुम्ही शेजारी उभे राहून सांगत होतात आणि मी ते शुद्ध मराठीत उतरवून घेत होतो. माझे अक्षर त्या वहीत सगळ्यांत सुंदर होते. त्याचा मला अभिमान होता, आणि तुम्हाला माझ्याहून अधिक.

त्या वर्षी फाल्गुनात तिसरा गिअर फारच सुटू लागला. मी लिहिले. मिस्त्रींनी पाहिले आणि सांगितले की एक भाग नागपूरहून यायचा आहे, तो येईपर्यंत रोज लिहीत जा, म्हणजे मालकाला आठवण राहील. मी रोज लिहिले, सात दिवस. आठव्या संध्याकाळी मी वही उघडली तेव्हा मुनीमजी चष्म्यावरून पाहत म्हणाले, “का पंडित, आजही तेच का? तुही ओळ तं आता मले पाठ झाली. दुसरं काही येत नाई का कालेजात?” बाकीचे चालक हसले. तुम्ही तेव्हा बाहेर हौदावर हातपाय धूत होतात. मी आत येण्याआधी तुम्ही मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: हॉर्न वाजत नाही, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट ढिला आहे, आणि तिसरा. मी पहिल्या दोन लिहिल्या. तिसरी लिहिली नाही. विसरलो नाही, बाबा. सात वेळा नीट लिहिलेले आठव्यांदा लिहिणे मला कमीपणाचे वाटले, आणि त्या हसण्याची लाज वाटली. वाटले, एवढे स्पष्ट लिहिलेले आहे, ज्याला वाचायचे त्याने मागची पाने वाचावीत.

पुढचे धाकट्याला ठाऊक नाही. नागपूरचा भाग नेमका त्याच संध्याकाळी आला होता आणि मुनीमजींच्या कपाटात पडून होता. पहाटे त्यांनी ओळ वाचली: हॉर्न, बोल्ट. मिस्त्रींना वाटले, गिअरची तक्रार गेली. त्यांनी हॉर्न जोडला, गाडीखाली जाऊन बोल्ट आवळला. तुम्ही आवारात आलात तेव्हा ते काळ्या हातांनी गाडीखालून बाहेर येत होते, आणि नागपूरच्या भागाचा खोका आल्याचे तुम्हाला कुणीतरी फाटकातच सांगितले होते. तुम्ही विचारले नाही. वीस वर्षे एका आवारात, एका टपरीवरचा चहा. वहीत लिहिलेले काम त्यांनी कधी सोडले नव्हते आणि सांगितलेली ओळ मी कधी सोडली नव्हती. म्हणून त्या दिवशी माल भरून उताराला लागल्यावर, कित्येक वर्षांनी प्रथमच, तुम्ही तळवा दांड्यावरून काढून घेतला. तिसरा सुटला. गाडी तिची झाली. ब्रेक तापून गेले ते त्यानंतर. दरडीला लावण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. वर दोन मजूर होते. एकाने उडी टाकली आणि तो वाचला. दुसऱ्याच्या, मुरूमगावकडच्या त्या तरुण गोंड माणसाच्या, मांडीवर बांबूची मोळी आली.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात. कपाळाला टाके आहेत. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि तिचा हात थापता थापता थांबतो, कारण तुम्ही मला विचारले आहे, “काल तिसऱ्याचं लिवलं होतंस ना रे?”

मी म्हणालो, “हो.”

तुम्ही पुन्हा विचारले नाही. आईचा हात पुन्हा थापू लागला. दुसऱ्या दिवशी मालकासमोर वही उघडली गेली. ओळीत हॉर्न आणि बोल्ट होता. तुम्ही म्हणालात की पान बदलले आहे, मिस्त्रीने स्वतःची चूक झाकायला मुनीमाशी संगनमत केले आहे. मिस्त्रींनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तुम्ही त्या मुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. “माहा पोरगा कालेजात हाय,” तुम्ही म्हणालात, “तो मले खोटं सांगत नाई.” मी फाटकाजवळ उभा होतो. तिथून वही दहा पावलांवर होती. अक्षर माझे आहे की नाही, हे पाहायला मला कुणीही बोलावले नाही. तुमच्यामुळेच बोलावले नाही.

मालकाने तुम्हाला काढले, गाडी आपटली म्हणून, आणि भांडण केले म्हणून. मिस्त्रींना ठेवले, पण त्यांच्याशी तुम्ही पुढे एक शब्द बोलला नाहीत. पुढची एकोणीस वर्षे तुम्ही मिलच्या फाटकावर बसलात आणि समोरच्या रस्त्याने ते सायकलवरून जात. तुम्ही मान वळवून घेत होतात. तुमची अंत्ययात्रा निघाली तेव्हा ते आले होते. बुद्धविहाराच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, टोपी काढून उभे होते. मला वाटले, आता जाऊन सांगावे. लोक खांदा बदलत होते. मी खांदा द्यायला गेलो.

आता ते पाच वर्षांचे मूल साठीला आले आहे आणि वडशात त्याचे गॅरेज आहे. माझ्या गाडीसाठी मी दुसऱ्या दोन ठिकाणी गेलो होतो. दोघांनी गिअरबॉक्स उघडायला हवा म्हणून सांगितले; उघडला तर गाडी पंधरा दिवस उभी राहणार, आणि ते पंधरा दिवस तुमची सून आजारी पडणार नाही याची हमी कोण देणार? शेवटी परवा त्याच्याकडे गेलो. त्याने आधी स्वतः चालवली, मी शेजारी बसलो. तिसऱ्यात गाडी गप्प होती. मग म्हणाला, “आता तुम्ही घ्या, सर.” मी घेतली. आवाज आला.

“ऐकले?” मी म्हणालो.

“ऐकलं. आता दांड्यावरचा हात हटवा.”

हात काढला. आवाज थांबला.

“पुन्हा ठेवा.” आवाज आला.

तो हसला. “सर, गेरबॉक्समध्ये काई नाई. तुम्ही दांडा दाबून धरता, आतला फोर्क घासते, तोच बोंबलून राह्यला. असंच धरून ठेवसाल तं सहा महिन्यांत सच्ची खराब कराल. हे सवय जुन्या ट्रकवाल्यांची. तुमाले कुठून लागली?” आणि मग, मी काही बोलायच्या आत, “माफ करा सर. मालूम हाय मले. अब्बा सांगत होते, तुमचे बाबा असेच धरत.”

मी विचारले, तुमचे अब्बा आणखी काय सांगत. विचारायला नको होते. त्याने कापडाने मूठ पुसली. “का सांगतीन. मरेपर्यंत एकच बात. पान मी फाडलं नाई, भाऊनं, म्हणजे तुमच्या बाबानं, मले सांगितलंच नाई. माह्या अम्मीले सांगत, मले सांगत, दुकानात गिऱ्हाइकाले सांगत. लोक म्हणत, असंल फाडलं, भाऊ कायले खोटं बोलन. जाऊ द्या सर. पुराने लोक गेले, त्याहिच्या गोष्टी गेल्या. चहा घेता?”

चहा घेतला. घरी आलो. आवाज का येतो ते कळले आहे; चिंता गेलेली नाही. त्याचे म्हणणे बरोबर असणार, हे मला समजते. आवाज त्याने माझ्या डोळ्यांदेखत आणला आणि थांबवला. तरी आज सकाळी फाट्यापर्यंत जाताना हात तीन वेळा दांड्याकडे गेला. मिस्त्रीच्या शब्दावर एका माणसाचा जीव सोपवायचा आणि हात मोकळा ठेवायचा, हे मला येत नाही. तुम्हाला येत होते. तेवढ्या एका सकाळपुरते ते तुम्ही केले होते, आणि मी तुम्हाला त्यात फसवले.

आता दिवस दुरुस्त करतो. इंग्रजी तारखा माझ्याजवळ नाहीत. वार आहेत, आणि ते पक्के आहेत.

अपघात दिवाळीत झाला नाही. होळीच्या आधीच्या बुधवारी झाला, सकाळी, ऊन चढण्यापूर्वी.

तिसऱ्या गिअरची तक्रार त्याच्या आदल्या आठवड्यातल्या मंगळवारपासून सोमवारपर्यंत सलग सात दिवस वहीत आहे. अपघाताच्या आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, नाही. ती मी लिहिली नाही.

ब्रेक गेले ते त्याच बुधवारी, पण गिअरनंतर.

मजूर त्याच दिवशी जखमी झाला. पोळ्यापर्यंत तो अंथरुणावर होता. तुम्ही दर पंधरवड्याला त्याच्याकडे तांदूळ घेऊन जात होतात. मी एकदाही गेलो नाही.

तुम्ही मला विचारले तो दिवसही बुधवारच. मिस्त्रींनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला तो गुरुवार.

शाल कोणत्याही दिवशी मिळालेली नाही.

मिलवर तुम्ही पाडव्यानंतरच्या सोमवारी रुजू झालात, आणि ते स्वखुशीने नव्हे.

धाकट्याला पाठवण्यासाठी हीच यादी मी काल, गुरुवारी, फोनवर लिहायला घेतली. दुसरी ओळ लिहून झाल्यावर सगळी पुसली.

आज शुक्रवार. दुपारी वडशाला गेलो होतो, हे सगळे मिस्त्रींच्या मुलाला सांगायला. तो एका जीपखालून बाहेर आला, हात पुसत उभा राहिला आणि म्हणाला, “बोला सर.” मी म्हणालो, गिअरबॉक्सचे ऑइल बदलून द्या. ते बदलायला झालेले नाही, हे त्याने परवाच पाहिले होते. त्याने काही न विचारता बदलून दिले.